एका ग्रंथविक्रेतीचा जमाखर्च

ग्रंथांचा इतिहास लिहिणारे लेखकाकडे पाहतात, फार तर छापखान्याकडे पाहतात. परंतु ज्या फळीवरून ग्रंथ वाचकाच्या हाती जातो त्या फळीचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाही. दुकानात काय खपते आणि दुकान कशावर जगते, हे दोन प्रश्न आपण एकच समजून चालतो. ते एक नव्हेत, हे ज्या दुकानाच्या चरित्रावरून लख्ख दिसते ते पॅरिस येथील 'शेक्सपिअर अँड कंपनी' हे होय. आज सेन नदीच्या काठी ह्याच नावाचे एक दुकान आहे. पण ते १९५१ साली जॉर्ज व्हिटमन ह्या अमेरिकन गृहस्थाने निराळ्या नावाने काढले, व १९६४ पासून त्यास हे नाव मिळाले. आम्हांस येथे बोलावयाचे आहे ते मूळच्या दुकानाविषयी.

सिल्व्हिया बीच ह्या अमेरिकेतील एका धर्मोपदेशकाच्या कन्या. न्यूयॉर्क येथे फ्रेंच ग्रंथांचे दुकान काढावे असे त्यांच्या मनात होते. पण तेथील भाडी त्यांना झेपणारी नव्हती. तेव्हा त्यांनी बेत उलटा केला, आणि मातुःश्रींनी पाठविलेल्या तीन हजार डॉलरांच्या बळावर १९ नोव्हेंबर १९१९ रोजी पॅरिसच्या एका अरुंद रस्त्यावर, पूर्वी जेथे परटाचे दुकान होते अशा जागेत, इंग्रजी ग्रंथांचे दुकान मांडले. आद्रिएन मोनिए ह्या विदुषीचे फ्रेंच ग्रंथांचे दुकान ओदेओं नामक रस्त्यावर १९१५ पासून चालू होते. बीचबाईंचे उत्तेजन व धडा दोन्ही तेथलेच. १९२१ साली त्यांनी आपले बिऱ्हाड त्याच रस्त्यावर, मोनिएबाईंच्या जवळजवळ समोर, १२ क्रमांकाच्या घरात हलविले.

पहिली अडचण भावाची होती. पहिल्या महायुद्धानंतर फ्रँक घसरला होता. पौंडात किंवा डॉलरात घेतलेले नवे पुस्तक फ्रँकांत विकावयाचे म्हटले की फ्रेंच वाचकाने किंमत ऐकूनच मागे सरावे. ह्यास्तव विक्रीपेक्षा पुस्तके वाचावयास देण्यावर बाईंनी भर दिला. अनामत ठेवावी, वर्गणी भरावी आणि पुस्तक घरी न्यावे, ही आपल्याकडील वाचनालयांची नित्याची रीत. दुकानाचा खरा आधार तीच होती. आंद्रे जीद आरंभीच सभासद झाले. १९२१ च्या अखेरीस पॅरिसला आलेल्या हेमिंग्वे नावाच्या तरुण वार्ताहरापाशी अनामतीचे पैसे नव्हते. बाईंनी त्यास तशीच पुस्तके देऊन घरी पाठविले, असे त्यानेच पुढे लिहून ठेविले आहे.

आता ज्या पुस्तकामुळे हे दुकान जगास ठाऊक झाले त्याकडे वळू. जेम्स जॉइस ह्यांची 'युलिसिस' ही कादंबरी न्यूयॉर्कच्या एका मासिकात क्रमशः येत होती. फेब्रुवारी १९२१ मध्ये तेथील न्यायालयाने तीत अश्लीलता पाहिली व संपादिकांस दंड केला. पुढे प्रकाशक मिळेना. तेव्हा ज्यांनी आजवर एकही पुस्तक छापले नव्हते त्या बीचबाईंनी ते अंगावर घेतले. एक हजार प्रती काढावयाच्या ठरल्या: शंभर उंची कागदावर लेखकाच्या सहीच्या, किंमत ३५० फ्रँक, दीडशे २५० फ्रँकांच्या, आणि उरलेल्या साडेसातशे १५० फ्रँकांच्या. पैसे आगाऊ वर्गणीदारांकडून जमवावयाचे होते. बर्नार्ड शॉ ह्यांनी मात्र वर्गणीदार होण्याचे साफ नाकारले. इकडे जॉइस मुद्रितांवरच नवा मजकूर लिहीत सुटले. जवळजवळ तिसरा हिस्सा ग्रंथ अशा रीतीने वाढला, आणि दिजाँच्या मुद्रकाने वाढीव जुळणीचे पैसे लावले ते बाईंच्या खात्यावर. अखेर २ फेब्रुवारी १९२२ रोजी, लेखकाच्या चाळिसाव्या वाढदिवशी, सकाळच्या गाडीने दोन प्रती आल्या. एक जॉइस ह्यांना गेली. दुसरी दुकानाच्या काचेत मांडली, तीभोवती गर्दी झाली.

ग्रंथ खपला ह्यात संशय नाही. इंग्लंड व अमेरिकेत त्यास बंदी होती, आणि बंदीसारखी दुसरी जाहिरात नाही. पुढील छपाईच्या प्रती इंग्लंडच्या जकातवाल्यांनी फोकस्टन येथे पकडल्या तरी मागणी ओसरली नाही. १९३० पर्यंत अकरा वेळा छपाई झाली. परंतु निव्वळ नफ्यातील शेकडा सहासष्ट भाग लेखकाचा ठरला होता, आणि जॉइस ह्यांचा हात सढळ असल्याने उचल त्याहूनही पुढे जाई. दुकानाचा गल्ला आणि लेखकाचा खिसा ह्यांत भिंत अशी राहिलीच नाही.

ह्या खपाचा एक विनोदी परिणामही झाला. बाईंचे दुकान म्हणजे चावट पुस्तकांचे कोठार, अशी काही गिऱ्हाइकांची समजूत झाली. फ्रँक हॅरिस हे लेखक एकदा गाडी गाठण्याच्या घाईत आले आणि प्रवासात वाचावयास काही चुरचुरीत द्या म्हणाले. बाईंनी 'लिटल विमेन' ह्या बाळबोध कादंबरीचे नाव सुचविले. फ्रेंच वळणाने त्या नावाचा भलताच अर्थ मनात घेऊन त्यांनी दोन्ही भाग उचलले व स्टेशन गाठले. बाईंनी १९५९ सालच्या आपल्या आठवणींत हा प्रसंग मोठ्या मिस्किलपणे सांगितला आहे. ह्याच हॅरिस ह्यांचे आत्मचरित्र व लॉरेन्स ह्यांची 'लेडी चॅटर्लीज लव्हर' ही दोन्ही प्रसिद्ध करण्याची विनंती बाईंकडे आली होती. त्यांनी ती दोन्ही वेळा परतविली. त्यांस व्यापार कळत नव्हता असे म्हणणारे आहेत. आम्हांस ते पटत नाही. खपाची खात्री असलेली दोन पुस्तके दारी आली असता जो दुकानदार ती नाकारतो, त्यास खप म्हणजे काय हे पुरते ठाऊक असते.

डिसेंबर १९३३ मध्ये अमेरिकन न्यायाधीश वूल्सी ह्यांनी 'युलिसिस' निर्दोष ठरविली व १९३४ च्या आरंभी ती तेथे उघडपणे प्रसिद्ध झाली. बाईंनी आपला हक्क त्यापूर्वीच सोडला होता, मोबदला शून्य. अमेरिकेतील मंदीमुळे गिऱ्हाईकही पॅरिस सोडून गेले. हस्तलिखिते विकावयास काढण्याची पाळी आली. तेव्हा १९३६ साली जीद प्रभृतींनी मित्रमंडळ स्थापून वर्गणी जमविली, आणि वर्गणीदारांसाठी दुकानात वाचने होऊ लागली. व्हालेरी, एलियट, हेमिंग्वे तेथे वाचून गेले. दुकान वाचविण्यास धावले ते वाचक आणि लेखक. ते गाजलेले पुस्तक नव्हे.

१९४१ च्या डिसेंबरात एक जर्मन अधिकारी काचेत ठेविलेली जॉइस ह्यांची 'फिनेगन्स वेक' मागू लागला. एकच प्रत आहे, ती विकावयाची नाही, असे बाईंनी सांगितले. काही दिवसांनी तो परतला आणि सारे दुकान जप्त करण्याची धमकी देऊन गेला. दोन तासांच्या आत बाईंनी व स्नेह्यांनी सर्व ग्रंथ वरच्या रिकाम्या मजल्यावर नेले. सुताराने फळ्या काढल्या, रंगाऱ्याने दारावरील नाव पुसले. पुढे १९४२ साली बाईंस सुमारे सहा महिने छावणीत स्थानबद्ध राहावे लागले. पॅरिस मुक्त झाले, पण दुकान पुन्हा उघडले नाही.

१९६२ साली बाई निवर्तल्या. त्यांची कागदपत्रे प्रिन्स्टन विद्यापीठाने घेतली. त्यांत वाचनालयाची सभासदपत्रे आहेत. कोणी कोणता ग्रंथ कोणत्या दिवशी नेला आणि कधी परत आणला, हे त्यांवर लिहिलेले आहे. जॉइस, हेमिंग्वे, सीमोन द बोव्हार ह्यांची नावे तेथे आहेत; आणि ज्यांचे नाव इतर कोठेही उरले नाही अशा शेकडो वाचकांचीही आहेत.