‘यू-180’ : नेताजींना घेऊन गेलेली पाणबुडी

दुसऱ्या महायुद्धात जर्मन नौदलाने अकराशेहून अधिक पाणबुड्या, म्हणजे यू-बोटी, सेवेत आणल्या. बुडवलेल्या जहाजांच्या टनभारावरच त्यांचा क्रम लावायचा ठरवला, तर ‘यू-180’ हिचे नाव बरेच खाली शोधावे लागते. दोन व्यापारी जहाजे आणि त्यांचा मिळून सुमारे 13 हजार टनांचा भार एवढीच तिची लढाऊ कमाई होय. असे असूनही सुभाषचंद्र बोस यांच्या प्रत्येक चरित्रात तिचा उल्लेख येतो, कारण 1943 च्या पूर्वार्धात त्यांना युरोपातून हिंदी महासागरापर्यंत तिनेच नेले. ज्या कामासाठी ती बांधली गेली त्यात ती उणी पडली. ज्या कामामुळे ती इतिहासात राहिली ते तिच्या वाट्याला आले ते जर्मनी आणि जपान या युतीतील देशांमध्ये दळणवळणाचा दुसरा विश्वासार्ह मार्गच उरला नव्हता म्हणून.

ब्रेमेन येथील ‘आगे वेझर’ या गोदीत बांधलेली ही पाणबुडी मे 1942 मध्ये सेवेत दाखल झाली आणि तिचे नेतृत्व वेर्नर मुझेनबर्ग यांच्याकडे आले. ती ‘नऊ-डी-एक’ या प्रकारची होती. दूरच्या महासागरांत जाऊ शकणाऱ्या मोठ्या पाणबुड्यांना वेगाची जोड द्यावी, या हेतूने आखलेल्या या प्रकारच्या केवळ दोनच पाणबुड्या झाल्या, ‘यू-180’ आणि ‘यू-195’. पाणबुडी पाण्याच्या पृष्ठभागावर असताना डिझेल इंजिनांवर चालते आणि बुडी मारल्यावर, हवा मिळत नसल्याने, बॅटरीवरच्या विद्युत मोटारींवर चालते. ‘यू-180’ मध्ये नेहमीच्या दोन मोठ्या डिझेल इंजिनांऐवजी वेगवान टॉर्पेडो-नौकांसाठी तयार केलेली सहा इंजिने बसवली होती, त्यामुळे पृष्ठभागावर तिला ताशी सुमारे 20 सागरी मैलांचा वेग गाठता येई. परंतु थोड्या वेळाच्या धावपळीसाठी बनवलेली ही इंजिने महिनोन्महिन्यांच्या सफरीत टिकेनात. ती तापत, बिघडत आणि धूर ओकत, आणि शत्रूच्या नजरेआड राहणे हेच ज्या जहाजाचे संरक्षण त्याला हा धूर परवडणारा नव्हता.

एप्रिल 1941 मध्ये बर्लिनला पोहोचलेल्या बोस यांनी तेथे आझाद हिंद केंद्र, नभोवाणी आणि भारतीय युद्धकैद्यांमधून एक सैन्यदल उभे केले होते. तथापि भारताच्या स्वातंत्र्याला जाहीर पाठिंबा देणारी घोषणा हिटलरकडून त्यांना मिळाली नाही, आणि फेब्रुवारी 1942 मध्ये सिंगापूर पडल्यानंतर लढ्याचे खरे क्षेत्र पूर्व आशिया हेच आहे, अशी त्यांची खात्री पटली. तिकडे जायचे कसे, हा प्रश्न मात्र अवघड होता. जर्मनीने रशियावर आक्रमण केल्यापासून खुष्कीचा मार्ग बंद होता आणि विमानाच्या योजना प्रत्यक्षात येत नव्हत्या. अखेर 9 फेब्रुवारी 1943 रोजी बोस आणि त्यांचे सहकारी आबिद हसन यांनी कील बंदरातून ‘यू-180’ वर प्रस्थान ठेवले. नॉर्वेच्या किनाऱ्याने उत्तरेला जाऊन, ब्रिटनला वळसा घालून अटलांटिकमध्ये उतरायचे आणि आफ्रिकेचे दक्षिण टोक ओलांडून हिंदी महासागर गाठायचा, असा तो मार्ग होता.

आबिद हसन यांच्या आठवणींमुळे या प्रवासाचे अंतरंग कळते. पाणबुडीत सर्वत्र डिझेलचा वास भरलेला असे, पावसुद्धा त्या तेलात भिजल्यासारखा लागे आणि नाविकांचे मांसाहारी जेवण बोस यांच्या घशाखाली उतरत नसे. कोठारात तांदूळ आणि डाळ सापडल्यावर हसन यांनी भारतीय पद्धतीचे जेवण शिजवायला घेतले. अरुंद जागेत आणि कृत्रिम उजेडात बोस आपल्या ‘द इंडियन स्ट्रगल’ या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीचे काम करीत आणि पूर्व आशियात मांडावयाच्या विचारांची जुळवाजुळव करीत. पाणबुडी मात्र केवळ प्रवासी नौका नव्हती, याची जाणीव 18 एप्रिल रोजी झाली. दक्षिण आफ्रिकेच्या आग्नेयेस तिने ‘कॉर्बिस’ या ब्रिटिश तेलवाहू जहाजावर पाणतीर सोडले आणि ते बुडवले. त्यावरील बहुसंख्य खलाशी मृत्युमुखी पडले.

एप्रिलच्या अखेरीस मादागास्करच्या आग्नेयेला, ठरलेल्या जागी, पेनांगहून आलेली जपानी पाणबुडी ‘आय-29’ तिला भेटली. समुद्र इतका खवळलेला होता की दोन्ही पाणबुड्या जवळ येताच आदळण्याचा धोका होता, म्हणून त्या समांतर चालत राहिल्या. 28 एप्रिल रोजी दोर बांधून रबरी होडी सोडण्यात आली आणि उसळत्या लाटांत चिंब भिजत बोस व हसन जपानी पाणबुडीवर पोहोचले. दोन निरनिराळ्या नौदलांच्या पाणबुड्यांमध्ये नागरी प्रवाशांचे हस्तांतर झाल्याचा युद्धकाळातील हा एकमेव ज्ञात प्रसंग मानला जातो. त्यांच्या बदल्यात एमी आणि तोमोनागा हे दोन जपानी नौदल अधिकारी ‘यू-180’ वर आले, आणि त्यांच्यासोबत बर्लिनमधील जपानी दूतावासासाठीचे सुमारे दोन टन सोने, जपानी पाणतीर व तांत्रिक आराखडे असा माल आला. जर्मनीकडूनही शस्त्रांचे नमुने आणि आराखडे पलीकडे गेले. बोस ‘आय-29’ ने सुमात्राजवळच्या सबांगला उतरले, तेथून विमानाने टोकियोला गेले आणि 21 ऑक्टोबर 1943 रोजी सिंगापूरमध्ये त्यांनी आझाद हिंदचे हंगामी सरकार स्थापन केले.

परतीच्या वाटेवर ‘यू-180’ ने 3 जून रोजी ‘बोरिस’ हे ग्रीक जहाज बुडवले आणि जुलैच्या आरंभी बोर्दो गाठले. दरम्यान मे महिन्यात चाळीसहून अधिक पाणबुड्या गमावल्यामुळे जर्मन नौदलप्रमुख अॅडमिरल ड्यॉनिट्झ यांना उत्तर अटलांटिकमधील शत्रूच्या जहाजांच्या काफिल्यांविरुद्धची मोहीम आवरती घ्यावी लागली होती. अशा काळात धूर ओकणाऱ्या वेगवान पाणबुडीचा उपयोग उरला नव्हता. तिची सहा इंजिने काढून दोन साधी इंजिने बसवण्यात आली, पाणतीरांच्या नळ्या काढून टाकण्यात आल्या आणि सुमारे 250 टन माल नेऊ शकणारी मालवाहू पाणबुडी असे तिचे रूपांतर झाले. जे काम तिने एकदा प्रसंगवशात केले होते, तेच आता तिचे अधिकृत काम ठरले.

नॉर्मंडी आणि दक्षिण फ्रान्समध्ये दोस्त सैन्य उतरल्यानंतर बोर्दो सोडणे भाग पडले, तेव्हा रोल्फ रीझेन यांच्या नेतृत्वाखाली ती 20 ऑगस्ट 1944 रोजी अतिपूर्वेकडे निघाली आणि काही दिवसांतच बिस्केच्या उपसागरात 56 जणांसह नाहीशी झाली. ती सुरुंगावर आदळली असावी, असे बराच काळ मानले गेले. तिची जोडीदार ‘यू-195’ त्याच सुमारास निघून बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, पोहोचली.

‘आय-29’ त्याआधीच, जुलै 1944 मध्ये, अमेरिकी पाणबुडीने बुडवली होती, तर तोमोनागा यांनी मे 1945 मध्ये मायदेशी नेणारी ‘यू-234’ शरण जात असताना आत्महत्या केली. या भेटीतील दोन्ही पाणबुड्यांचा असा शेवट झाला, यावरूनच हा दुवा किती कच्चा होता ते लक्षात येते. दोन राष्ट्रांची युती कागदावर जगव्यापी होती, पण प्रत्यक्षात तिला एका फेरीत दोन माणसे आणि थोडे टन माल एवढेच पोहोचवता येत होते, आणि त्यासाठीही एक लढाऊ पाणबुडी अनेक महिने अडकून पडे. ‘यू-180’ हिची ती एक फेरी ऐतिहासिक ठरली ती प्रवाशामुळे. तिच्या मालाने किंवा पाणतीरांनी युद्धाच्या निकालात काहीही फरक पडला नाही.