संगीत नाटकाचे नवे पालक

बोरिवलीहून गोराईस जाण्याची जवळची वाट आजही खाडीतल्या होडीनेच जाते. आणि मराठी संगीत रंगभूमीने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे वळण घेतले, तेही होडी वल्हवणाऱ्या एका धीवरकन्येच्या कथेवर. १ मे १९६४ रोजी धि गोवा हिंदु असोसिएशनच्या कला विभागाने वसंत कानेटकरांचे ‘मत्स्यगंधा’ रंगमंचावर आणले.

गोराई आणि गोवा एके काळी एकाच फिरंगी अमलाखाली नांदत होते. वसईच्या मोहिमेअखेर, १७३९ साली, हा किनारा मराठ्यांकडे आला. गोव्यावरचा तो अंमल मात्र १९६१ पर्यंत टिकला, आणि विद्येसाठी व चाकरीसाठी तेथून मुंबईस येणाऱ्यांचा ओघ चालूच राहिला. या मंडळींच्या परस्परसाह्यार्थ १९१९ मध्ये धि गोवा हिंदु असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. विद्यार्थ्यांना मदत करावी हा तिचा धर्म, नाटक पुढचे.

महसूल खात्यातील नोकरीत असतानाच अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हापासून गायक नट घडविण्याची जबाबदारी नाटक कंपनीनेच उचलली होती. कोवळ्या आवाजाच्या मुलाने कंपनीच्या बिऱ्हाडात राहावे, पंगतीस जेवावे आणि भास्करबुवा बखल्यांसारख्या गुरूंपुढे तालमीस बसावे, असा तो शिरस्ता होता, आणि बालगंधर्वांच्या गळ्यावर बुवांचे संस्कार झाले ते याच व्यवस्थेत. १९३२ मध्ये मराठी बोलपट आला, कंपन्यांची बिऱ्हाडे मोडली, आणि गाणाऱ्या तरुणाला आश्रयच उरला नाही.

ही उणीव एका साह्यकारी संस्थेने भरून काढावी, हे मला फार मोलाचे वाटते. कंपनीचे पोट नाटकावर होते. इथली मंडळी हौशी. मंगेशीच्या कीर्तनकार घराण्यातील जितेंद्र अभिषेकींना ‘मत्स्यगंधा’च्या संगीत दिग्दर्शनाची संधी मिळाली, आणि त्यांनी रात्र रात्र चालणाऱ्या बैठकीचा मोह टाळून, प्रसंगाला व गाणाऱ्याच्या गळ्याला मानवतील अशा आटोपशीर चाली बांधल्या. धीवरकन्या सत्यवतीच्या भूमिकेत आशालता, पराशराच्या भूमिकेत रामदास कामत, दोघेही गोव्याचे. कामतांनी एअर इंडियातील नोकरी सांभाळून रंगभूमीची सेवा केली. गाण्यासाठी घरदार सोडून कंपनीत जाण्याची गरज त्यांच्या पिढीला उरली नव्हती.