नसते उद्योग

मराठी घरात 'उद्योग' हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. टाटा-किर्लोस्करांनी केला तर तो उद्योग, आणि घरातल्या पोराने केले तर ते 'नसते उद्योग'. पहिल्या प्रकाराने देश पुढे जातो. दुसऱ्याने गजराचं घड्याळ उघडलं जातं, आणि मिटवताना दोन चाकं शिल्लक राहतात. आमच्या वडिलांचा हिशेब सोपा होता. ज्या कामाची पगारपत्रकात नोंद होत नाही आणि पावती मिळत नाही, ते सगळं दुसऱ्या प्रकारात. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, ही म्हण मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली आहे की त्या न्हाव्याबद्दल मला घरच्या माणसाइतकी आपुलकी वाटू लागली आहे. त्याची बाजू कोणी ऐकूनच घेतलेली नाही हो! आज ती मांडायचा विचार आहे, आणि साक्षीदार म्हणून मी कॉम्प्युटरला उभा करणार आहे.

कॉम्प्युटरइतकं गंभीर यंत्र माणसाने क्वचितच केलं असेल. अमेरिकेत एनियाक बांधला तो तोफेचा गोळा कुठे पडेल याची कोष्टकं करायला. पुढे त्याचे भाऊबंद पगाराची बिलं आणि बँकांचे हिशेब करू लागले. आपल्याकडे तर तो सोवळ्यातच आला. थंडगार खोली, काचेचं दार, आणि बाहेर चपला काढून ठेवायच्या. देवळात निदान घंटा वाजवता येते. इथे तेवढीही मुभा नाही. अशा यंत्राशी खेळावं, हे सुचलं तरी कोणाला?

केंब्रिजच्या ए. एस. डग्लस यांनी १९५२ साली एडसॅक नावाच्या यंत्राला फुली-गोळा खेळायला शिकवलं होतं. आपली खेळी सांगायची ती टेलिफोनची तबकडी फिरवून. पण हे त्यांनी पीएच.डी.च्या प्रबंधासाठी केलं. म्हणजे पावती मिळाली! आमच्या वडिलांच्या हिशेबात हा उद्योगच धरावा लागेल. अस्सल नसते उद्योग पाहायचे तर दहाएक वर्षं पुढे सरकून एमआयटीत जायला हवं.

डिजिटल इक्विपमेंट कंपनीने १९६१ साली आपलं पीडीपी-१ हे यंत्र एमआयटीला भेट दिलं. किंमत सुमारे एक लाख वीस हजार डॉलर. त्याला एक गोल पडदा होता आणि त्यावर ठिपके उमटवता येत. आता एवढ्या किमतीच्या यंत्रावर माणूस काय करील? तिथल्या पोरांनी ठरवलं, दोन अवकाशयानांची मारामारी करायची. ही पोरं कोण, तर बरीचशी कॉलेजच्या खेळण्यातल्या आगगाड्यांच्या क्लबातली. त्या काळी अशा मंडळींना रात्र बरी पडे, कारण रात्री यंत्र मोकळं मिळे आणि विचारायला कोणी नसे.

प्रोग्राम लिहायचं काम आलं स्टीव्ह रसेल याच्याकडे. मित्रांनी त्याचं नाव 'स्लग' म्हणजे गोगलगाय ठेवलं होतं, यावरून कामाचा वेग ताडावा. रोज तगादा, रोज नवी सबब. शेवटी तो म्हणाला, यान फिरवायचं तर साइन-कोसाइन काढावे लागतात, ते काढणारा प्रोग्राम माझ्याजवळ नाही. ॲलन कोटॉक नावाचा त्याचा मित्र उठला, थेट कंपनीत गेला, तो प्रोग्राम कागदी फितीवर घेऊन आला आणि फीत रसेलसमोर ठेवून म्हणाला, बोल, आता काय अडलं? बस्ता बांधून झाल्यावर मुलाला लग्न नको म्हणता येत नाही. रसेल बसला, आणि १९६२ च्या सुरुवातीला 'स्पेसवॉर' पडद्यावर आला.

खरी गंमत पुढे आहे. खेळ झाला, एक यान सुईसारखं, दुसरं पाचरीसारखं, दोघं टॉर्पेडो सोडतायत, आणखी काय पाहिजे? पण पीटर सॅमसन याला मागच्या चांदण्या खुपू लागल्या. रसेलने ठिपके वाटेल तसे शिंपडले होते. सॅमसनने नकाशा घेऊन आकाशातले खरे तारे जागच्या जागी बसवले, तेजाचा कमी-अधिकपणासुद्धा सांभाळला, आणि त्या प्रोग्रामला नाव दिलं 'महागडं तारांगण'. ज्याच्या पाठीवर टॉर्पेडो येतोय तो माणूस मृग नक्षत्र जागेवर आहे का हे पाहणार आहे थोडाच! पण करणाऱ्याला ते पाहवत नव्हतं. मग डॅन एडवर्ड्सने मध्यभागी सूर्य बसवून यानांना त्याची ओढ लावली. एवढा हिशेब करता करता यंत्राला धाप लागली, तेव्हा टॉर्पेडोंना गुरुत्वाकर्षण माफ करण्यात आलं. यंत्राच्या खटक्यांवर खेळून कोपर दुखू लागले, म्हणून क्लबातल्या सटरफटर सामानातून हातात धरायच्या पेट्या केल्या. या सगळ्यातून कोणाला दमडी मिळाली नाही, कोणी मागितलीही नाही. ज्याला हवा त्याने प्रोग्राम न्यावा. पुढे खुद्द कंपनीचे इंजिनियर नवं यंत्र नीट चालतंय की नाही हे पाहायला हाच खेळ लावून बघत. थोडक्यात, तुंबड्या लावून भिंतीची तब्येत तपासायची सोय झाली.

या साइन-कोसाइनबद्दल दोन शब्द सांगितल्याशिवाय राहवत नाही. पडद्यावर काहीही गोल फिरवायचं, लाटेसारखं हलवायचं, तर ही दोघं लागतातच. पुढे घरगुती कॉम्प्युटर आले ते गरीब होते. दर क्षणाला साइन काढत बसले तर लाट हलण्याऐवजी गोठायची. तेव्हा हौशी पोरांनी काय केलं? आमच्या आजोबांनी केलं तेच. पाढे पाठ केले! आधी एकदा बसून सगळ्या किमती काढायच्या, ओळीने मांडून ठेवायच्या, आणि ऐन वेळी गुणाकार न करता नुसतं उत्तर उचलायचं. पावकी, निमकी, दिडकी, औटकी पाठ असलेला वाणी पाटी हातात घेत नसे, त्यातलाच हा प्रकार. आर्यभटाने चोवीस ज्यांच्या फरकांचं कोष्टक एका श्लोकात कोंबलं, त्यालाही जागेची हीच अडचण असणार. श्लोकाला मेमरी वाढवून मिळत नाही.

पण एमआयटी म्हणजे काही सगळं जग नव्हे. बाकीच्यांना हे लोण पोचलं ते बेसिक या भाषेमुळे. डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कुर्ट्झ या दोन प्राध्यापकांनी ती १ मे १९६४ रोजी पहाटे चारला पहिल्यांदा चालवली. (महाराष्ट्र दिनी. योगायोग आहे, पण सोडवत नाही.) गणितवाल्यांनाच नव्हे, वाङ्मय शिकणाऱ्या मुलांनाही यंत्राशी बोलता यावं, हा त्यांचा हेतू. ओळींना नंबर द्यायचे, आणि रीत अशी की १०, २०, ३० असे द्यायचे, म्हणजे नंतर काही सुचलं तर मध्ये घालायला जागा राहते. एसटीत रुमाल टाकून ठेवावा तसं.

मग १९७३ साली डेव्हिड आल यांनी अशा खेळांचं पुस्तक काढलं, १०१ खेळांचं. १९७८ साली त्याची नवी आवृत्ती निघाली आणि कॉम्प्युटरच्या पुस्तकांत दहा लाख खपलेलं ते पहिलं ठरलं. पुस्तकात खेळ म्हणजे काय, तर छापलेला प्रोग्राम. तो आपण आपल्या बोटांनी टाइप करायचा. मासिकंही तेच करू लागली. शनिवारी दुपारी बसलेला मुलगा दिवेलागणीला उठे, तोवर दोनशे ओळी झालेल्या. मग चालवायचा, आणि यंत्र म्हणणार, एकशे चाळिसाव्या ओळीत चूक. कुठे स्वल्पविराम सुटलेला, कुठे शून्याच्या जागी ओ. पोथी उतरवून काढणाऱ्या आपल्या जुन्या लोकांचं बरं होतं. मात्रा चुकली तरी पोथी बंद पडत नसे. पण ती चूक शोधता शोधता ओळ काय करते ते कळायचं, कळलं की बदलावंसं वाटायचं, आणि बदललं की खेळ आपला व्हायचा. शाळेत ज्याला कोणी चालू गणितात उत्तर विचारत नसे असा पोरगासुद्धा या वाटेने घुसला.

यंत्रं तरी कशी! इंग्लंडात क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी १९८१ साली झेडएक्स-८१ काढला. जवळजवळ सत्तर पौंडांत तयार यंत्र, पण मेमरी एक किलोबाइट. हा लेख सोडा, यातले दोन परिच्छेदही तिच्यात मावले नसते. मेमरी वाढवायची डबी मागे खोचता येई, पण ती डुगडुगायची. तीन तास टाइप करून झालं आहे, आईने चहाचा कप टेबलावर ठेवला, डबी हलली, संपलं. लोक ती चिकट गोळे लावून बसवत. आणि एवढ्याशा एक किलोबाइटात डेव्हिड हॉर्न यांनी बुद्धिबळ बसवलं! प्रोग्राम फक्त ६७२ बाइटांचा. किल्लेकोट मात्र करता येत नव्हता. राजाला किल्ल्यात जायला जागाच उरली नव्हती.

मला मात्र सगळ्यांत जवळची वाटते ती युगोस्लाव्हियाची गोष्ट, कारण तिच्यात परमिटाचा वास आहे. तिथे बाहेरून वस्तू आणण्यावर किमतीची मर्यादा अशी ठेवली होती की तीत कॉम्प्युटर बसू नये. आखातातून येणाऱ्या काकाच्या टू-इन-वनची ज्यांनी वाट पाहिली आहे, त्यांना जास्त सांगायला नको. व्होया अँटोनिच हा इंजिनियर १९८३ साली समुद्रकाठी रिसान गावी सुट्टी घालवत होता. तिथे त्याला सुचलं की चित्र दाखवण्याचं कामही मुख्य चिपकडूनच करून घेतलं तर महागडे भाग गळतात. झालं! एका मासिकाने वर्षाअखेर विशेष अंक काढून त्यात सगळी आकृती छापून टाकली, म्हणजे वाचकांनी घरी बसून जोडायचा. यंत्राचं नाव 'गलाक्सिया'. काहीशे लोक जोडतील असा अंदाज होता. आम्ही जोडला म्हणून आठ हजारांहून अधिक वाचकांनी कळवलं. जागा वाचवायला चुकांचे निरोप तीनच ठेवले होते: 'काय?', 'कसं?' आणि 'माफ करा'. यातले पहिले दोन आपल्याकडच्या कुठल्याही खिडकीवर ऐकायला मिळतात.

आणि खेळ वाटायचे कसे? रेडिओवरून! प्रोग्राम कॅसेटवर शिट्ट्यांच्या रूपात साठवत असत. बेलग्रेड रेडिओवर झोरान मोदली आपल्या कार्यक्रमात त्याच शिट्ट्या लावायचा. ज्यांच्या घरी यंत्र होतं ते टेप करून घेत. ज्यांच्या घरी नव्हतं त्यांनी रेडिओ दुरुस्तीला टाकला असेल.

आपल्याकडे १९८४ साली सरकारने 'क्लास' नावाची योजना काढून निवडक शाळांना बीबीसी मायक्रो ही ब्रिटिश यंत्रं दिली. माझ्या माहितीतल्या एका शाळेत त्याच यंत्रावर विणलेलं कव्हर होतं. तास पस्तीस मिनिटांचा. त्यातली दहा चपला काढण्यात, वीस फळ्यावरची कॉम्प्युटरची व्याख्या उतरवून घेण्यात. वर्गातल्या एका मुलाने ब्रिटिश कौन्सिलच्या लायब्ररीतून काहीतरी उतरवून आणलं होतं. एके दिवशी सर वळेपर्यंत त्याने सहा ओळी टाइप केल्या आणि पडद्यावर एक चेंडू इकडून तिकडे आपटत फिरू लागला. चाळीस पोरं श्वास रोखून तो चेंडू बघत होती. सरांनी येऊन बटण बंद केलं आणि नेमके तेच दोन शब्द उच्चारले, जे आमच्या घरी रोज ऐकू येत. त्या मुलाने पुढे कॉमर्स घेतलं.

त्याच साली, त्याच बीबीसी मायक्रोवर, केंब्रिजच्या डेव्हिड ब्रेबन आणि इयान बेल या दोन विद्यार्थ्यांचा 'एलिट' हा खेळ बाहेर पडला होता. बत्तीस किलोबाइटांत आठ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ ग्रहमाला, प्रत्येकीला नाव, राज्यपद्धती आणि बाजारभाव. हे सगळं साठवलेलं नव्हतंच. थोडेसे मूळ आकडे आणि एक नियम एवढंच होतं. नियम लावला की दर वेळी तोच ग्रह पुन्हा निघायचा. पंचांगवाला काय पुढची सगळी ग्रहणं कोठीत भरून ठेवतो?

नसत्या उद्योगांची पुढची पायरी तर चोरांची आहे. खेळांची कुलुपं फोडून नकला वाटणारी पोरं सुरुवातीला आपली सही म्हणून नाचती अक्षरं, लाटा, धावते रंग टाकू लागली. धावत्या रंगांत तर ठिपका जागचा हलत नसे. नुसते रंग आळीपाळीने बदलायचे. गणपतीच्या मांडवातली पळती माळ पाहा, दिवा कुठे पळतो? हळूहळू खेळ राहिला बाजूला, सहीचीच स्पर्धा लागली. २०२० साली फिनलंडने ही कला आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घातली आणि पुढच्या वर्षी जर्मनीने. दरोडेखोराच्या सहीला वळणदार अक्षराचं बक्षीस मिळाल्यासारखं हे झालं, पण अक्षर खरोखरच वळणदार आहे.

आता एकच साक्ष उरली. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला, आणि काही महिन्यांतच मॅसॅच्युसेट्समधल्या जिम स्टोरर नावाच्या शाळकरी मुलाने शाळेच्या कॉम्प्युटरवर तसाच खेळ लिहिला. चित्र नाही, काही नाही. यंत्र दर दहा सेकंदांची उंची, वेग आणि उरलेलं इंधन कागदावर छापणार, आपण किती जाळायचं तो आकडा द्यायचा. चुकलात की चंद्रावर किती फूट खोल खड्डा पडला तेही कळवणार. आलच्या पुस्तकातून तो जगभर गेला. २०२४ साली कोणा एका प्रोग्रामरला वाटलं, सर्वांत कमी इंधनात उतरायचं तर नेमकं केव्हा जाळावं ते काढून बघू. हिशेब जुळेना. चांगला मुरलेला माणूस. त्याने पंचावन्न वर्षांपूर्वीचा प्रोग्राम ओळ न् ओळ तपासला. एका सूत्रात दोनने भागायचं राहून गेलं होतं. तोवर इतके लोक त्या चंद्रावर उतरले होते, आपटले होते, पुन्हा इंधन भरून उतरले होते, पण खड्ड्याच्या खोलीबद्दल कोणी तक्रार केली नव्हती.