तळटीप १४ : तरवडाचा वाळवलेला नमुना

१४. तरवड : शास्त्रीय नाव 'सेना ऑरिक्युलाटा'. लिनियसने १७५३ मध्ये ही वनस्पती 'कॅसिया' प्रजातीत घातली होती, म्हणून जुन्या नमुन्यांच्या चिठ्ठीवर 'कॅसिया ऑरिक्युलाटा' असे नाव दिसते, झुडूप तेच. 'ऑरिक्युला' म्हणजे छोटा कान. देठाच्या बुडाशी कानाच्या पाळीसारखी दोन रुंद उपपर्णे असतात, त्यावरून हे नाव. वाळवलेल्या नमुन्यात फुलांचा पिवळा रंग विटून तपकिरी होतो, पण हे 'कान' शाबूत राहतात. ओळख पटते ती त्यांच्यावरून आणि कागदासारख्या चपट्या शेंगांवरून. फुलाचा रंग, जागा आणि तारीख गोळा करणाऱ्याने तिथल्या तिथे टिपून ठेवायची ती याचसाठी. चिठ्ठीविना नमुना म्हणजे नुसता पाचोळा. असे नमुने पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या आणि मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर वनस्पतिसंग्रहात जपलेले आहेत.

मजकुरात अकलूजचा माळ येतो. कोरड्या, मुरमाड जमिनीत तरवड आपसूक उगवतो; नीरेकाठी ऊस वाढला तसा तो बांधांवर आणि रस्त्याच्या कडेला सरकला. सालीतल्या टॅनिनमुळे कातडी कमावायला ती वापरत. नवरात्रात घटावरच्या माळेत याची फुले असतात. सोलापुरातील तेलुगूभाषक घरांत बतुकम्मा ही फुलांची उतरंड रचतानाही तीच लागतात. तेलुगूत त्याला 'तंगेडू' म्हणतात. — संपादक