मौन म्हणजे संमती? : जॅनेट डॅलरिंपलची शोकांतिका

इटालियन संगीतकार दोनिझेत्ती याची ‘लुचिया दि लाम्मेरमूर’ ही संगीतिका १८३५ साली नेपल्स येथे प्रथम सादर झाली आणि वेड लागलेली, रक्ताने माखलेली तिची नायिका जगभर परिचित झाली. संगीतिकेचे मूळ सर वॉल्टर स्कॉट यांच्या १८१९ सालच्या कादंबरीत आहे आणि कादंबरीचे मूळ स्कॉटलंडच्या नैर्ऋत्य भागातील एका प्रतिष्ठित घराण्यात. त्या घरची थोरली कन्या जॅनेट हिची खरी ओळख रक्तात नव्हे, तिच्या मौनात आहे, असे मला वाटते.

वडील जेम्स डॅलरिंपल हे नामांकित न्यायाधीश. आई मार्गारेट रॉस मोठी करारी. जॅनेटने लॉर्ड रदरफर्ड याला गुपचूप लग्नाचे वचन दिले होते. सोन्याचे एक नाणे मोडून दोघांनी एकेक तुकडा जवळ ठेवला होता. परंतु त्याची राजकीय मते म्हणा वा तुटपुंजी मालमत्ता म्हणा, हे स्थळ आईवडिलांना मान्य नव्हते. त्यांनी बॉल्डूनच्या डेव्हिड डनबारशी सोयरीक ठरविली.

पुढचा प्रसंग स्कॉट यांनी कादंबरीच्या नंतरच्या प्रस्तावनेत दिला आहे. रदरफर्डने जॅनेटच्या तोंडून उत्तर ऐकण्याचा हट्ट धरला. भेट झाली, पण आईच्या देखत. मुलगी पांढरी फटक, पुतळ्यासारखी उभी. बोलली ती आई, आणि तिच्या हाती होते पवित्र शास्त्र! गणना या पुस्तकाचा तिसावा अध्याय काढून तिने दाखविले की, बापाच्या घरी असलेल्या कुमारिकेचा नवस बापाने नाकारला तर तो तिला बांधत नाही. मग तिने हुकूम केला आणि मुलीने सोन्याचा तुकडा परत दिला. एक शब्दही न बोलता.

हे वचन तेथे लागू होते काय? मोशेचा हा नियम परमेश्वराला केलेल्या नवसाविषयी आहे. वर निवडण्याचा प्रश्न त्यात नाही. शास्त्रवचन संदर्भातून उचलले की त्याचा दोरखंड होतो.

आपल्या ख्रिस्तसभेने या प्रश्नाला शंभर वर्षे आधीच हात घातला होता. केवळ आईबापांची संमती नाही म्हणून मुलांचा विवाह रद्द ठरतो, असे म्हणणाऱ्यांचा ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली धिक्कार केला. अर्थात असे विवाह तिला पसंत नव्हतेच. प्रॉटेस्टंट झालेल्या स्कॉटलंडमध्ये तिचा शब्द चालत नव्हता, हे खरे. १९८३ च्या धर्मसंहितेतील ११०३ व्या कलमानुसार बळजबरीने किंवा बाहेरून लादलेल्या गंभीर भीतीपोटी झालेला विवाह अवैध असतो. ही भीती सुऱ्याचीच असावी लागते असे नाही. आईची नाराजी, वडिलांचा अबोला यांनाही मूल भिते; आपले शास्त्रकार त्याला आदरयुक्त भय म्हणतात. विवाहापूर्वी मुलाला आणि मुलीला वेगवेगळे बसवून आम्ही धर्मगुरू प्रश्न विचारतो, ते याचसाठी. काही नातेवाइकांना राग येतो. येऊ द्यावा.

जॅनेटला असे कोणी एकटीला विचारले नाही. तिचा विवाह १२ ऑगस्ट १६६९ रोजी झाला. २४ ऑगस्टला ती सासरी गेली आणि १२ सप्टेंबरला वारली. या तारखा अँड्र्यू सिम्सन या पाळकाच्या विलापगीतात आहेत. सुऱ्याच्या कथा अनेक आहेत. एकीत वधूच पतीवर वार करते, दुसरीत रदरफर्ड खोलीत लपलेला असतो. त्या एकमेकींना खोडतात, म्हणून मी त्यांच्यावर विसंबत नाही. डनबार पुढे पुन्हा लग्न करून १६८२ साली घोड्यावरून पडून मरण पावला.

आदल्याच वर्षी, १६८१ मध्ये, जॅनेटच्या वडिलांचा स्कॉटिश कायद्यावरील महाग्रंथ प्रसिद्ध झाला होता. विवाह परस्परांच्या संमतीने सिद्ध होतो, असे त्यात प्रतिपादन आहे!

घराण्यातली एक आठवण स्कॉट यांच्यापर्यंत पोहोचली होती. लग्नाला जाताना जॅनेट आपल्या धाकट्या भावाच्या मागे घोड्यावर बसली होती. त्याच्या कमरेभोवती तिचा हात होता, संगमरवरासारखा थंड आणि ओलसर. नव्या पोशाखाच्या आनंदात त्या पोराला तेव्हा त्याचे काही वाटले नाही.