दूरच्या युद्धाविषयीचे लोकमत : दिल्ली आणि महाराष्ट्र, १९१४–१९१९

दीर्घकाळ चालणाऱ्या परकीय युद्धांविषयी लोकमत कसे पालटते, याची चर्चा बहुधा अमेरिकेच्या व्हिएतनामविषयक अनुभवाच्या आधारे होते. तेथे सैन्य पाठविणे ही चूक होती, असे गॅलपच्या १९६५ च्या पाहणीत सुमारे एक चतुर्थांश लोकांनी म्हटले होते. १९७१ मध्ये हे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास गेले. परंतु जेथे युद्धाचा निर्णय लोकांच्या हाती नसतो आणि मत मोजण्याची सोयही नसते, तेथे हा पालट कोठे शोधावयाचा? पहिल्या महायुद्धातील हिंदुस्थानच्या संदर्भात तो उघड विरोधात नव्हे, तर पाठिंब्याच्या भाषेतच शोधावा लागतो.

मंडालेहून जून १९१४ मध्ये सुटलेल्या टिळकांनी ऑगस्टअखेरीच्या निवेदनात सरकारला संकटकाळी साहाय्य करणे हे कर्तव्य मानले. या पाठिंब्याला अट नव्हती. पुढे युद्ध लांबले. मेसोपोटेमियात कूट-अल-अमारा येथे वेढलेली फौज २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. सुमारे १३,००० युद्धकैद्यांत मराठा पलटणींचे शिपाईही होते. त्याच महिन्यात बेळगावात टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध जोडण्याचे कारण नाही. मात्र त्यानंतर सैन्यभरती आणि स्वराज्य हे शब्द एकाच वाक्यात येऊ लागले.

हे वाक्य शासनास मानवणारे नव्हते. तरुणांनी संरक्षणदलात नावे नोंदवावीत, असे सांगणाऱ्या टिळकांना १९१७ च्या आरंभी दिल्ली व पंजाबात प्रवेशबंदी झाली. एप्रिल १९१८ मध्ये व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांनी दिल्लीत युद्धपरिषद भरविली. तिचे निमंत्रण टिळकांना नव्हते. गांधींनी मात्र भरतीच्या ठरावास हिंदीतून पाठिंबा दिला. १० जून रोजी मुंबईच्या परिषदेत टिळक राजनिष्ठा व्यक्त करून स्वराज्याकडे वळताच गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना थांबविले आणि टिळक सभागृहातून बाहेर पडले. हिंदी लोकांना सैन्यात अधिकारपदे देण्याचे आश्वासन सरकारकडून मिळाल्यास महाराष्ट्रातून ५,००० सैनिक देऊ, अशी हमी देऊन त्यांनी गांधींकडे ५०,००० रुपयांचा धनादेश पाठविला. सशर्त साहाय्य हा सौदा ठरतो, असे मानणाऱ्या गांधींनी तो परत केला. मतभेद युद्धाच्या न्याय्यतेविषयी नव्हता. साहाय्याला अट असावी की नाही, याविषयी होता.

युद्धानंतर सवलतींऐवजी रौलट कायदा आला. ३० मार्च १९१९ रोजी दिल्लीत हरताळ पाळला गेला आणि जमावावर गोळीबार झाला. युद्धपरिषदेस तेव्हा वर्षही लोटले नव्हते. अमेरिकेत लोकांनी आपल्याच शासनाच्या निर्णयास चूक म्हटले. येथे निर्णयच आपला नव्हता, ही जाणीव दृढ झाली. म्हणून या पालटाचे रूपांतर युद्धविरोधात न होता राज्यकर्त्यांच्या विरोधात झाले.

१९२१ मध्ये दिल्लीत ज्या स्मारकाची पायाभरणी झाली, तेच १९३१ मध्ये पूर्ण झालेले इंडिया गेट. तेरा हजारांहून अधिक नावे त्यावर कोरलेली आहेत. या दगडावर मृत्यूची नोंद आहे. ज्या अटीवर ती माणसे मागितली वा दिली गेली, तिची नाही. ती अट त्या काळातील भाषणांत, पत्रांत आणि वृत्तपत्रांतच वाचावी लागते. युद्धसाहित्याच्या तौलनिक अभ्यासाने केवळ रणांगणावरील अनुभवकथन प्रमाण मानले, तर मराठीच्या वाट्याला मौनच येईल. संमतीची बदलती भाषा हाही युद्धाचाच दस्तऐवज आहे.