झोपमोड : प्रोसेसरला कोण उठवतं?

आजचा भाग झोपमोडीवर. तुमच्या नाही, तुमच्या खिशातल्या प्रोसेसरच्या.

कोडोलीच्या शिवारात रात्रीची लाईट असली की काय होतं, ते तिथल्या कुठल्याही ऊसवाल्याला विचारा. थ्री फेज कधी येईल याचा भरवसा नाही. मग माणूस सारखा उठतो, डोकावतो, "लाईट आली का?" नाही आली. परत आडवा. पहाटेपर्यंत काम शून्य, पण अंग मात्र मोडून निघालेलं. मोटारीला ऑटो स्टार्टर बसवला की हे थांबतं. लाईट आली की मोटार आपोआप सुरू. तोवर खुशाल झोपा.

कॉम्प्युटरची बॅटरीसुद्धा बरीच वर्षं अशाच जागरणात जात होती. पूर्वी लिनक्समध्ये घड्याळाचा एक ठोका असायचा. साध्या पीसीवर सेकंदाला १००. २००३ च्या शेवटी २.६ आवृत्ती आली आणि हे ठोके झाले १०००! म्हणजे तुम्ही काहीही करत नसलात तरी दर मिलिसेकंदाला प्रोसेसर उठणार, काम आहे का बघणार, नाही म्हणून परत झोपणार. २००५ मध्ये हा आकडा २५० वर आणला, पण सवय तीच.

यात बिघडलं काय? प्रोसेसरच्या झोपेला पायऱ्या असतात, त्यांना सी-स्टेट म्हणतात. झोप जितकी गाढ, तितकी वीज कमी. पण गाढ झोपेत जायला आणि त्यातून बाहेर यायलाही वेळ आणि वीज लागते. सारखं कुणी हलवत असेल, तर नुसती डुलकीच लागणार ना!

एप्रिल २००७ मध्ये २.६.२१ आवृत्ती आली. थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोल्नार यांच्या कामामुळे रिकाम्या वेळेतला हा ठोका थांबवता येऊ लागला. आता प्रोसेसर ढाराढूर झोपेल असं वाटेल. पण नाही! ठोका थांबला तरी कुणीतरी उठवतच होतं. कोण, ते दिसत नव्हतं.

पुढच्याच महिन्यात इंटेलचे अर्जान व्हॅन डी व्हेन यांनी 'पॉवरटॉप' नावाचं छोटं साधन आणलं. ते दोनच प्रश्नांची उत्तरं द्यायचं : सेकंदाला किती वेळा जाग आली आणि कुणामुळे? नावासकट यादी. आणि चोर निघाले अगदी साळसूद! आवाज बदलला का, हे सारखं तपासणारं स्पीकरचं चिन्ह. सीडी घातली का, हे दर दोन सेकंदांनी विचारणारा प्रोग्रॅम. सगळे "लाईट आली का?" वाले.

नाव समोर आल्यावर दुरुस्ती सोपी झाली. सारखं विचारू नका, बदल झाला की कळवा. आणि ज्यांना थोडं मागंपुढं चालतं, ती कामं एकाच वेळी उरका, म्हणजे दहादा उठण्याऐवजी एकदाच उठायचं.

योगायोग बघा. कोडोलीला लागूनच असलेल्या वारणानगरात १९९८ मध्ये 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. ७० गावांतल्या शेतकऱ्यांना उसाची माहिती कॉम्प्युटरवर मिळावी, हा हेतू. पुढे त्याच भागातल्या सात गावांत आठ महिने एक प्रयोग झाला : पीसीऐवजी साधा मोबाईल आणि एसएमएस. तो स्वस्त आणि सोयीचा ठरला आणि शेतकऱ्यांनाही जास्त आवडला. त्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला २००७ मध्येच. म्हणजे कॉम्प्युटर टेबलावरून खिशात चालला होता, आणि खिशात बॅटरी छोटी. झोपेचा प्रश्न आता जास्तच महत्त्वाचा.

अँड्रॉइडनं तोच धडा गिरवला. २०१३ च्या ४.४ आवृत्तीपासून ॲप्सचे अलार्म एकत्र गोळा करून वाजवले जाऊ लागले. २०१५ च्या ६.० मध्ये 'डोझ' आलं : फोन न हलता, स्क्रीन बंद करून पडून असला, की ॲप्सना थांबवायचं आणि मध्येमध्ये ठरलेल्या वेळी सगळ्यांना थोडा वेळ द्यायचा.

तेव्हा रात्रीत बॅटरी उतरली, की लगेच बॅटरी खराब झाली म्हणून नवी घ्यायला धावू नका. सेटिंगमध्ये बॅटरीचा वापर उघडा, कुठलं ॲप वर आहे ते बघा. रोज न लागणाऱ्या ॲपला बॅकग्राउंडची परवानगी कशाला? २००७ चा धडा एवढाच आहे : तक्रार करण्याआधी मोजा. चोराचं नाव कळलं की अर्धं काम झालं.

भेटू पुढच्या भागात. तोवर फोनलाही झोपू द्या!